पत्रातून चालणारे संशोधन: विल्यम थॉम्स, एक पेनीचे टपाल आणि ‘पृच्छा’ लिहिण्याची रीत

‘लोकसाहित्य’ म्हणताना ज्या इंग्रजी शब्दाचा आधार आपल्या मनात असतो, तो ‘फोकलोर’ हा शब्द पहिल्यांदा एका पत्रात छापला गेला. पत्रावर तारीख 12 ऑगस्ट 1846. लंडनच्या ‘अथेनियम’ साप्ताहिकाने ते 22 ऑगस्टच्या अंकात घेतले. खाली सही होती अँब्रोज मर्टन अशी. हे टोपणनाव, लिहिणारे होते विल्यम जॉन थॉम्स. जुन्या चालीरीती, समजुती, गाणी, म्हणी यांना तोवर ‘पॉप्युलर अँटिक्विटीज’ असे लांबलचक नाव होते. त्याऐवजी दोन साध्या सॅक्सन शब्दांचा जोड वापरावा, आणि साप्ताहिकाने असे साहित्य आपल्या वाचकांकडून मागवावे, एवढीच पत्रातली विनंती.

विनंतीसोबत थॉम्स यांनी एक नमुनाही दिला. यॉर्कशरमधली मुले चेरीच्या झाडाभोवती जमून कक्कू पक्ष्याला, म्हणजे आपल्या पावश्याच्या भाऊबंदाला, गाण्यातून विचारायची: मी किती वर्षे जगणार ते सांग. मग झाड हलवायचे आणि जितक्या चेरी खाली पडतील तितकी वर्षे मोजायची. एकटी पाहिली तर ही गोष्ट क्षुल्लक. पण जर्मन लोकसमजुतींतही हाच पक्षी भविष्य सांगतो हे ध्यानात आले, की तोच तुकडा मोठ्या साखळीची कडी होतो. असे तुकडे गावोगावच्या लोकांच्या डोक्यात पडून आहेत, ते आपोआप एकत्र येणार नाहीत, कुणीतरी विचारले पाहिजे, हा थॉम्स यांचा मुद्दा. पुढची चाळीस वर्षे ते हेच करत राहिले.

त्या काळच्या इंग्रजीत अशा माणसाला ‘अँटिक्वरी’ म्हणत. जुनी हस्तलिखिते, थडग्यांवरचे लेख, नाणी, वंशावळी, चर्चच्या नोंदवह्या, गावातल्या दंतकथा, जे जे जुने आणि पुसले जाण्याच्या बेतात, त्याच्या मागे लागणारा माणूस. विद्यापीठात इतिहास हा स्वतंत्र धंदा होण्याआधीचे हे लोक. बहुतेकांची पोटापाण्याची नोकरी वेगळी असे: पाद्री, वकील, कारकून, लष्करातले अधिकारी. थॉम्स यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1803 रोजी वेस्टमिन्स्टरला झाला. आधी चेल्सी हॉस्पिटलच्या कचेरीत कारकुनी, 1845 पासून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये नोकरी, 1863 पासून तिथल्याच ग्रंथालयात उपग्रंथपाल. जुने दस्तऐवज छापून काढणाऱ्या कॅम्डन सोसायटीचे चिटणीसपद त्यांनी 1838 ते 1873 अशी पस्तीस वर्षे सांभाळले. नोकरीचे तास सोडून जो वेळ उरे त्यात हे सगळे चाले, आणि चाले ते मुख्यतः पत्रांवर.

टपाल स्वस्त झाले म्हणून

या कामाला 1840 पूर्वी किती खर्च येई हे आधी पाहायला हवे. तेव्हा टपालखर्च अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे. लंडनहून एडिंबराला एका कागदाचे पत्र गेले तर 1 शिलिंग 1½ पेनी, म्हणजे साडेतेरा पेनी. दोन कागद असले तर दुप्पट. लिफाफा हाही दुसरा कागद धरत, म्हणून लिफाफे कुणी वापरत नसे. कागदाचीच घडी घालून, लाखेने चिकटवून, बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता लिहीत. जागा वाचवायची तर पान भरल्यावर ते आडवे फिरवून आधीच्या ओळींवर काटकोनात पुन्हा लिहायचे. अशी पत्रे आज वाचताना पहिल्यांदा डोळे गरगरतात. एका दिशेच्या ओळींवरच नजर ठेवून कागद किंचित तिरका धरला, की दुसऱ्या ओळी हळूहळू मागे सरतात आणि वाचता येऊ लागते.

टपालखर्च टाळण्याची एक अधिकृत वाट होती. संसदेच्या सदस्याला रोज 10 पत्रे मोफत पाठवण्याची आणि 15 मोफत घेण्याची सवलत असे. ज्याची अशा सदस्याशी ओळख, तो त्याच्याकडून पत्त्यावर सही करून घेई. 1784 पासून नियम असा, की सदस्याने पूर्ण पत्ता, गाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहायची. फुकट्यांना आळा घालण्यासाठी केलेला हा नियम आज अभ्यासकांना वरदान ठरला आहे. आत पत्रावर नुसते ‘गुरुवार’ लिहिलेले असले, तरी बाहेर महिना-वर्षासकट पूर्ण तारीख मिळते.

10 जानेवारी 1840 पासून अर्ध्या औंसापर्यंतचे, म्हणजे सुमारे 14 ग्रॅमचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिकटवायचे तिकीट आले. खर्च आता पाठवणाऱ्याने आधी भरायचा. न भरल्यास घेणाऱ्याकडून दुप्पट, दोन पेनी वसूल. संशोधनाच्या दृष्टीने फरक पडला तो इथेच. आधी अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचा म्हणजे त्याच्यावर शिलिंगभराचा भुर्दंड टाकायचा. ते असभ्य दिसे. आता कॉर्नवॉलच्या पाद्र्याला लंडनचा कारकून बेधडक लिहू शकत होता: आपल्या चर्चमध्ये अमुक नावाचे थडगे आहे काय, असल्यास त्यावरचा लेख जसाच्या तसा उतरवून पाठवाल काय?

‘नोट्स अँड क्वेरीज’: टिपण, पृच्छा, उत्तर

3 नोव्हेंबर 1849, शनिवार. थॉम्स यांनी संपादित केलेल्या ‘नोट्स अँड क्वेरीज’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. पाने 16, किंमत तीन पेनी. प्रकाशक जॉर्ज बेल, 186 फ्लीट स्ट्रीट. सरकारी मुद्रांक लावलेली प्रत चार पेनीला मिळे. त्या मुद्रांकातच टपालखर्च आलेला असल्याने खेड्यातल्या वर्गणीदाराला ती प्रत सोयीची पडे. मुखपृष्ठावर डिकन्सच्या कादंबरीतल्या कॅप्टन कटलचे वाक्य होते: सापडले की टिपून ठेवा.

साप्ताहिकाची रचना कळली, की थॉम्स यांच्या कामाची पद्धतच कळते. मजकुराचे भाग तीन. पहिला ‘टिपण’: वाचताना, खोदताना, ऐकताना जे सापडले ते, निष्कर्षाची घाई न करता. दुसरा ‘पृच्छा’: जे अडले ते. तिसरा ‘उत्तर’: आधीच्या अंकातल्या पृच्छेला कुणी दिलेले. उत्तर चुकले तर पुढच्या अंकात दुसरा दुरुस्त करे, तिसरा पुरावा जोडे. एकेका मुद्द्यावर महिनोन्‌महिने अशी देवाणघेवाण चाले, आणि संपादक मध्ये पडून निकाल क्वचितच देई. वाचकच लेखक होते, आणि त्यांना एकमेकांशी बोलायला जागा करून देणे हे संपादकाचे काम. थॉम्स यांचे मोठेपण कशात, असे विचारले तर उत्तर हेच. त्यांनी लिहिलेली पुस्तके थोडी. दुसऱ्यांना लिहिते करणारी व्यवस्था त्यांनी उभारली, आणि ती इतकी पक्की होती की ते नियतकालिक आजही चालू आहे.

चांगल्या पृच्छेत काय असावे, याचे संकेत लवकरच ठरून गेले. एका कागदावर एकच पृच्छा, कारण वेगवेगळ्या पृच्छा वेगवेगळ्या अंकांत जाऊ शकतात. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे. याचे कारण छापखान्यात आहे. मजकुराच्या पट्ट्या कापून त्या निरनिराळ्या जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांना, वाटून देत. पाठीमागे लिहिलेले असले तर एकाची ओळ दुसऱ्याच्या हातात जाई आणि मजकूर गळे. विशेषनामे सुटी सुटी, ठळक अक्षरांत लिहायची. बाकी शब्द जुळारी संदर्भाने ओळखतो, पण गावाचे किंवा माणसाचे नाव ओळखायला संदर्भ नसतो. ग्रंथाचा उल्लेख केला तर आवृत्ती आणि पान द्यायचे. खाली टोपणनाव किंवा नुसती आद्याक्षरे चालतील, पण खरे नाव आणि पत्ता संपादकाला कळवायचा. तो छापण्यासाठी नव्हे, प्रामाणिकपणाची हमी म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचे, तरी सगळ्यात जास्त विसरले जाणारे: आपण आधी कुठे कुठे शोधले ते सांगायचे. ते नसले तर दहा जण एकच सर्वांना ठाऊक असलेला ग्रंथ दाखवतात, आणि तो तर विचारणाऱ्याच्या टेबलावरच पडलेला असतो.

पृच्छा कशी फसते ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहा. ‘स्मिथ घराण्याविषयी माहिती हवी आहे’ या पृच्छेला उत्तर येत नाही, आणि आलेच तर निरुपयोगी असते. ‘1640 ते 1660 या काळात नॉरिचमध्ये कापडाचा व्यापार करणाऱ्या जॉन स्मिथचे मृत्युपत्र मिळाले आहे, त्यात मुलगी अ‍ॅन हिचा उल्लेख आहे, तिच्या लग्नाची नोंद शहरातल्या दोन चर्चच्या वह्यांत पाहिली, तिथे नाही, अन्यत्र कुणाच्या पाहण्यात आहे काय?’ हिला उत्तर मिळू शकते. माणूस, गाव, काळ, हाती असलेला पुरावा, पाहून झालेली ठिकाणे आणि नेमकी अडचण: सहाही गोष्टी एका वाक्यात बसतात.

ही पद्धत पुढे कोशकारांनाही उपयोगी पडली. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांना एखाद्या शब्दाचा जुना वापर अडला, की ते याच साप्ताहिकात विचारत.

आज हे अंक चाळणाऱ्यांची एक चूक हमखास होते. जुन्या पुस्तकांच्या तळटीपांत ‘4थी मा., iv, 120’ अशा धर्तीचा संदर्भ दिसतो. त्याचा अर्थ चौथी मालिका, खंड चौथा, पान 120. दर मालिकेत 12 खंड, वर्षाला साधारण दोन, म्हणजे एक मालिका सहा वर्षांची: पहिली 1849 ते 1855, दुसरी 1856 ते 1861, तिसरी 1862 ते 1867, चौथी 1868 ते 1873. प्रत्येक मालिकेत खंडांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. मालिकेचा आकडा गाळून नुसते ‘खंड 4’ लिहिले, की शोधणारा भलत्याच दशकात पोचतो. दर खंडाच्या शेवटी सूची असते आणि प्रत्येक मालिकेची एकत्रित सूचीही आहे. शोधाची सुरुवात तिथून करावी, आणि पृच्छा सापडल्यावर पुढच्या निदान दोन खंडांच्या सूचीत उत्तरे व दुरुस्त्या पाहिल्याशिवाय थांबू नये. पहिल्याच उत्तरावर विसंबून लिहिलेले कित्येक लेख पुढच्या अंकातल्या दुरुस्तीने आधीच खोटे ठरलेले असतात.

टेबलावरचे काम

पत्र येण्याआधी आणि आल्यानंतर बरेच हातकाम असे. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे तर शिफारसपत्र देऊन परवाना घ्यावा लागे. घुमटाखालची प्रसिद्ध गोल वाचनखोली 1857 मध्ये उघडली, पण आगीच्या भीतीने तिथे दिवे नव्हते. विजेचा उजेड 1879 मध्ये आला. तोवर वाचन सूर्यप्रकाशात. लंडनचे धुके दाटले की दिवस बुडाला. दिवसा कचेरीत असणाऱ्या माणसाला ही अडचण किती जाचत असेल! म्हणून ज्याला दिवसाचा वेळ आहे अशा ओळखीच्या माणसाला पत्राने सांगून उतारा करवून घेणे ही सर्रास चालणारी रीत होती.

उताऱ्यात चुका होत त्या ठरावीक जागी. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजी कचेरी-लिपीत काही अक्षरे नुसत्या उभ्या काड्यांची असतात. एका ओळीत सहा काड्या दिसल्या तर ती तीन अक्षरे की चार, कुठे तुटतात, हे ठरवायला शब्द माहीत असावा लागतो. इंग्रजीतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. शब्द तोडून वर आडवी रेघ दिली की तिथे अक्षरे गाळलेली असतात. मोडी वाचणाऱ्याला हा त्रास ओळखीचा वाटेल. म्हणून जाणते लोक पत्रात सांगत, की उतारा जसाच्या तसा करा, गाळलेली अक्षरे स्वतःहून भरू नका, शंका असेल तिथे अक्षराचा आकार काढून पाठवा.

चर्चच्या फरशीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवरचे लेख आणि आकृत्या तर कागदावर घासूनच घेत. साहित्य दोनच: पातळ पण चिवट कागद आणि चांभाराचे काळे मेण. आधी पत्रा ब्रशने झाडून स्वच्छ करायचा, कारण वाळूचा एक कण राहिला तरी कागद तिथे फाटतो. कागदाच्या कडांवर वजन ठेवून तो पक्का करायचा आणि एका टोकाकडून मेण सारख्या दाबाने घासत जायचे. कोरलेल्या रेषा पांढऱ्या राहतात, उंच भाग काळा होतो. कागद केसभर सरकला तरी दुहेरी रेषा उमटतात आणि आकडे वाचता येत नाहीत. दगडातल्या खोल लेखासाठी वेगळी रीत: ओला कागद लेखावर पसरून ब्रशने ठोकायचा, वाळू द्यायचा, मग सोलून काढायचा. आपल्याकडे शिलालेखाचा ठसा घेतात तो याच कुळातला. डोळ्यांनी पाहून केलेल्या नकलेत नक्कल करणाऱ्याचा समज मिसळतो. ठशात मिसळत नाही. पत्राने काम करणाऱ्याला म्हणून ठसा जास्त मोलाचा.

आपण काय लिहिले याची नोंद ठेवायची तर दोन उपाय. एक, आधी कच्चा खर्डा करून तो ठेवायचा. दोन, नक्कल काढण्याचे दाबयंत्र. जेम्स वॉट यांनी 1780 मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. मूळ पत्र खास शाईने लिहायचे, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवून यंत्रात दाबायचे; शाईचा थोडा भाग वरच्या कागदात उतरतो. अक्षरे उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने सरळ वाचता येतात. कागद जास्त ओला असला तर शाई पसरते, कोरडा असला किंवा पत्र लिहून फार वेळ गेला तर काहीच उमटत नाही.

तारखांचा सापळा

अँटिक्वरींच्या पत्रांतला बराच वाद तारखांमुळे होई, आणि तो समजून घेतल्याशिवाय ती पत्रे कळत नाहीत. इंग्लंडात 1752 पूर्वी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. म्हणजे 24 मार्च 1648 नंतरचा दिवस 25 मार्च 1649. राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद आपण 30 जानेवारी 1649 चा मानतो. त्या वेळच्या कागदांत तो 1648 असतो. समजा, एखाद्याचे मृत्युपत्र नोव्हेंबर 1648 चे आणि दफनाची नोंद फेब्रुवारी 1648 ची सापडली. नवशिका म्हणेल, दफन आधी आणि मृत्युपत्र नंतर, तर माणसे दोन असली पाहिजेत. मग एकाच माणसाची दोन माणसे होऊन वंशावळीत घुसतात. खरे तर दफन मृत्युपत्रानंतर तीन महिन्यांनी झालेले असते. यावर उपाय म्हणून जानेवारी ते 24 मार्चपर्यंतच्या तारखा ‘1648/9’ अशा दुहेरी लिहायच्या. शिवाय 1752 मध्ये पंचांग बदलले तेव्हा 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी 14 सप्टेंबर आला. शके, फसली आणि शुहूर सनांत वावरलेल्या मराठी अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. पण इंग्रजी कागद म्हणजे सरळ तारीख असे धरून चालणारे आपल्याकडेही इथे फसतात.

वयाची शहानिशा

थॉम्स यांच्या पद्धतीचा कस लागला तो शंभरीपार गेलेल्या माणसांच्या प्रश्नावर. वर्तमानपत्रांत सतत बातम्या येत: अमुक बाई 112 व्या वर्षी वारल्या, तमुक आजोबा 120 वर्षांचे. जुन्या नावांना तर पावित्र्यच आलेले. टॉमस पार 152 वर्षांचा होऊन 1635 मध्ये वारला असे सांगत. तो वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरलेला आहे, आणि त्याच्या देहाची तपासणी रक्ताभिसरण शोधणारे विल्यम हार्वी यांनी केली होती. हेन्री जेंकिन्सला तर 169 वर्षे देत. थॉम्स यांनी एवढेच विचारले: जन्माचा कागद कुठे आहे? थडग्यावरचा आकडा हा पुरावा नव्हे, तो पुरणाऱ्यांनी ऐकलेला असतो. मोठ्या माणसाने तपासणी केली म्हणजे वय सिद्ध झाले असेही नाही. हार्वी यांनी देह पाहिला, नोंदवही नाही. पार आणि जेंकिन्स, दोघांच्याही जन्माचा विश्वासार्ह कागद निघाला नाही.

शहानिशा पत्राने चाले आणि तिच्या पायऱ्या ठरलेल्या. आधी त्या गावच्या पाद्र्याला लिहून बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल मागवायची. नोंद मिळाली की काम संपत नाही, तिथे सुरू होते. ती नोंद याच माणसाची आहे हे सिद्ध करायचे. इंग्लंडात मोठे मूल लहानपणीच गेले तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. मग 1760 चा विल्यम तान्हेपणी गेलेला, 1772 चा विल्यम जगलेला, आणि गावकरी पहिल्याची नोंद दुसऱ्याला लावून त्याला बारा वर्षे बहाल करतात. कधी चुलतभाऊ-बहिणींची नावे सारखी असतात, कधी बाप-लेकाची. म्हणून त्याच वहीत आईवडिलांची नावे, भावंडांच्या नोंदी आणि लहान मुलांची दफने पाहायची. मग लग्नाची नोंद: 112 वर्षांची म्हणवणारी बाई त्या हिशेबाने पन्नाशीत पहिले मूल झालेली निघते काय? सैनिक असेल तर भरतीच्या वेळचे वय. सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 पासूनची, त्यामुळे त्याआधीच्यांसाठी चर्चच्या वह्या हाच मुख्य आधार. त्या वह्या ठेवण्याचा हुकूम 1538 चा, पण मधली पाने गहाळ असतात आणि गहाळ पान म्हणजे ‘नोंद नाही’ असे धरता येत नाही.

लिव्हरपूलच्या मेरी बिलिंज या बाईचे प्रकरण यात नमुनेदार आहे. 1863 मध्ये त्या वारल्या तेव्हा वय 112 सांगितले गेले आणि दाखल्यादाखल बाप्तिस्म्याची खरी नक्कल होती. कागद खरा, बाई वेगळी. कागदावरची मेरी दुसऱ्याच आईवडिलांची मुलगी निघाली. वारलेल्या मेरीची स्वतःची नोंद सापडली तेव्हा वय भरले 91. कुणी लबाडी केली नव्हती. नाव जुळले, गाव जुळले, आणि शोध थांबला. थॉम्स यांचे या विषयावरचे पुस्तक 1873 मध्ये आले. शंभरी गाठणे अशक्य आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. साध्या घटनेला जेवढा पुरावा मागतो तेवढा तरी असाधारण घटनेला मागा, एवढेच त्यांचे म्हणणे. तरीही कुणाच्या तरी आजोबांची वर्षे कमी केली म्हणून लोक त्यांच्यावर रागावत.

आज ही पत्रे वाचताना

अँटिक्वरीच्या नावाने जपलेला पत्रसंग्रह उघडला, की पहिली गोष्ट लक्षात ठेवायची: त्यात बहुतेक त्याला *आलेली* पत्रे असतात. त्याने लिहिलेली पत्रे इतरांच्या घरी गेली. शेक्सपिअरचे अभ्यासक जेम्स हॅलिवेल-फिलिप्स यांनी आलेली पत्रे खंडांत बांधून ठेवली. ते सुमारे 300 खंड एडिंबरा विद्यापीठात आहेत. पण त्यांचे स्वतःचे म्हणणे ऐकायचे तर ज्यांना त्यांनी लिहिले त्यांचे संग्रह धुंडाळावे लागतात. एका बाजूचीच पत्रे वाचून ‘अमक्याने उत्तरच दिले नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

तारीख नसलेल्या पत्राला ती कशी लावायची? कागद उजेडासमोर धरा. इंग्रजी कागदात वॉटरमार्कमध्ये अनेकदा वर्ष असते. पत्र त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही, नंतरचे कितीही असू शकते. काळी किनार असली तर घरात सुतक होते. मृत्यूच्या नोंदीशी ताळा पाहा. वर लिहिलेला पत्ता पाहा, घर कधी बदलले ते कळले की मर्यादा आवळते. टपालाचा शिक्का असला तर उत्तमच, पण एक गंमत आहे. 1840 पूर्वीच्या पत्रावर शिक्का त्याच कागदावर असतो, म्हणून तो टिकला. नंतर लिफाफे स्वस्त झाले आणि लोकांनी ते फेकून दिले, किंवा तिकिटासाठी कोपरा कापला. त्यामुळे जुन्या पत्राची तारीख ठरवणे कधी कधी नव्यापेक्षा सोपे जाते. पत्राखालची सही कापून नेलेली दिसली, तर ते सह्या जमवणाऱ्याचे काम. त्याच्यासोबत मागच्या बाजूच्या चार ओळीही गेलेल्या असतात. त्या जागी अंदाजाने शब्द न भरता ‘इथे कागद कापलेला’ असे लिहावे.

ही रीत मुंबई इलाख्यात

थॉम्स 1872 मध्ये साप्ताहिकाच्या संपादनातून निवृत्त झाले. त्याच वर्षी मुंबईत जेम्स बर्जेस यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक काढले. शिलालेख आणि ताम्रपटांच्या मोठ्या लेखांबरोबर त्यात छोट्या टिपणांना आणि पृच्छांनाही जागा होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्यात लिहिले. 1878 मध्ये लंडनला फोकलोर सोसायटी निघाली, तिच्या कामात थॉम्स होते. 15 ऑगस्ट 1885 रोजी ते वारले.

पत्राने विचारण्याची रीत आपल्या गावांपर्यंत पोचली ती ए. एम. टी. जॅक्सन यांच्यामार्फत. नाशिकचे कलेक्टर म्हणून, आणि 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या म्हणून, आपण त्यांना ओळखतो. संस्कृतचे अभ्यासक असलेल्या जॅक्सन यांनी इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या: सूर्य-चंद्राविषयी गावात काय मानतात, रोगराईच्या देवता कोणत्या, दृष्ट कशी काढतात, पूर्वजांना नैवेद्य कसा दाखवतात. त्यांच्यामागे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती उत्तरे संपादित केली. गुजरातचा खंड 1914 चा, कोकणचा 1915 चा. ज्या मास्तरांनी शाळा सुटल्यावर बसून ही उत्तरे लिहिली, त्यांची नावे कोकणच्या खंडात बहुतेक ठिकाणी नाहीत. पण प्रत्येक समजुतीखाली तळटीप आहे: शाळामास्तर, चौक, कुलाबा (म्हणजे आजचा रायगड जिल्हा). शाळामास्तर, अंजूर, ठाणे. उत्तर कोणत्या गावच्या शाळेतून आले ते त्यामुळे आजही कळते, आणि तीच समजूत त्या गावात आता कशी सांगतात हे चौकला किंवा अंजूरला जाऊन पुन्हा विचारता येते.